कागदाची साक्ष आणि यंत्राची नक्कल

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत वडीगोद्री हें गांव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे. त्यामुळें येथील जुन्या नोंदी उर्दू व मोडी अशा दोन लिप्यांत आढळतात. दीर्घकाळ त्यांची विचारपूस कोणी केली नाहीं. पुढें २९ ऑगस्ट २०२३ रोजीं शेजारच्या अंतरवाली सराटीस मनोज जरांगे पाटील यांचें उपोषण सुरू झालें, आणि निजामकालीन दप्तरांत ‘कुणबी’ हा शब्द शोधण्याचें काम न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीकडे आलें. सांपडलेल्या नोंदी स्कॅन करून त्यांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या. जून २०२४ मध्यें खुद्द वडीगोद्रीस लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे हे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ उपोषणास बसले. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध खरे. पण जुना कागद अस्सल कीं बनावट, या प्रश्नाशीं दोघांचेंही हित जडलेलें आहे.

वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हां मोडी पत्रें बाळबोधींत उतरून छापावीं लागलीं. नकलेंत चूक राहूं शके. परंतु छापील पान म्हणजेच मूळ पत्र, असा भ्रम कोणास होत नसे. यंत्राची प्रतिमा मात्र हुबेहूब मुळासारखी दिसते, आणि धोका नेमका तेथेंच आहे.

या यंत्राचा जन्म १९५७ सालचा. अमेरिकेंत रसेल किर्श व त्यांचे सहकारी यांनीं किर्श यांच्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र फिरत्या नळकांड्यावर चढवून गणकयंत्रांत उतरविलें. आडवे १७६ व उभे १७६ बिंदू, एवढाच त्याचा पसारा. पुढें नॉल बंधूंनीं प्रतिमा सुधारण्याचें सॉफ्टवेअर रचलें. तें १९९० सालीं ‘फोटोशॉप’ या नांवानें बाजारांत आलें. पण त्याच्या पहिल्या सुमारें दोनशें प्रति एका स्कॅनरच्या जोडीनेंच विकल्या गेल्या होत्या. नक्कल करणारें यंत्र आणि फेरफार करणारें हत्यार यांची सोयरीक अशी आरंभापासूनची! १९९२ सालीं ‘ट्वेन’ हा सामाईक संकेत ठरला आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या स्कॅनरमधून कागद थेट संपादनाच्या खिडकींत उतरूं लागला. हें नांव मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगच्या एका कवितेंतील शब्दावरून घेतलेलें आहे. कवितेंत तो कधींही न भेटणाऱ्या दोघांविषयीं येतो.

सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. मात्र प्रतिमा जतन होण्यापूर्वींच ती उजळावी, डाग पुसावे, असा मोह तेथें समोरच उभा राहतो. पिवळा कागद पांढरा करतांना फिकी शाई त्याबरोबर विरून जाते. धूळ काढण्याचें साधन ठिपका आणि धुळीचा कण यांत भेद जाणत नाहीं. आणि उर्दूंत ‘कुणबी’ लिहितांना मधलीं नून व बे हीं अक्षरें सारख्याच दांत्यांचीं असून एकाचा नुक्ता वर, दुसऱ्याचा खालीं, एवढ्यावरच ओळखावीं लागतात. मोडींतला अनुस्वारही एक ठिपकाच. फसवणुकीचा लवलेश नसतां केवळ स्वच्छतेच्या हौसेनें साक्ष बदलूं शकते ती अशी.

म्हणून जाणते दप्तररक्षक पहिली प्रतिमा रंगीत, इंचास निदान तीनशें बिंदूंची घेतात, कडेला मोजपट्टी व रंगपट्टी ठेवतात आणि तिला पुन्हा हात लावीत नाहींत. उजळणी करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. घरोघरच्या मोबाइल फोनांत ही शिस्त सहसा नसते. तेथील कित्येक ॲप धन्याला न विचारतांच कागद सरळ व पांढरा करून मोकळे होतात. जातपडताळणींत दावा संशयास्पद वाटल्यास दक्षता पथकास अखेर मूळ नोंदवहीकडेच जावें लागतें. तिच्या शाईचा रंग, ओळींमधील जागा आणि पानाची मागची बाजू पाहावी लागते.