इब्न अल-हैसम यांचा वारसा आणि फळ्यावरचे नुक्ते

मुस्लिमांच्या वैज्ञानिक वारशाचा विषय निघाला की इब्न अल-हैसम यांचे नाव हमखास येते. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानांनी कैरोमध्ये ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. डोळ्यातून किरण निघतात आणि ते वस्तूला स्पर्श करतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. सूर्याकडे पाहिल्यावर डोळा दुखतो, म्हणजे प्रकाशच बाहेरून डोळ्यात येतो, असा युक्तिवाद इब्न अल-हैसम यांनी केला. त्याच काळात बगदादचे अली इब्न ईसा यांनी नेत्ररोगांवर ‘तझकिरत अल-कह्हालीन’ हा ग्रंथ रचला. नेत्रवैद्याला तेव्हा ‘कह्हाल’ म्हणत.

‘मनाझिर’ लॅटिनमध्ये गेली, युरोपात अभ्यासली गेली. डोळ्यातील भिंग हेच पाहण्याचे मुख्य स्थान, ही इब्न अल-हैसम यांची समजूत मात्र चुकीची होती. प्रतिमा मागच्या पडद्यावर उमटते, हे १६०४मध्ये केप्लरने दाखवले. ज्ञान असेच दुरुस्त होत पुढे जाते.

या ज्ञानाला शाळेत पोहोचायला आणखी अडीचशे वर्षे लागली. १८६२मध्ये हॉलंडच्या स्नेलन यांनी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. पुढे ब्रेस्लाऊ शहरातील हेरमान कोन यांनी १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीची मुले शेकडा दोनपेक्षाही कमी होती, तर वरच्या गिम्नॅझियम शाळांत शेकडा २६. इयत्ता वाढेल तसे प्रमाण वाढत होते. अंधाऱ्या वर्गांवर आणि बारीक छपाईवर त्यांनी बोट ठेवले. १८९९मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने शाळांत दृष्टीची तपासणी कायद्याने बंधनकारक केली.

भारतात १९७६मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात शालेय मुलांची तपासणी आणि मोफत चष्मे आले. २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाड्या, सरकारी व अनुदानित शाळांत जातात. मकतब किंवा नोंदणी नसलेल्या मदरशातच शिकणारे मूल या यादीत आपोआप येत नाही.

प्रश्न इथे गंभीर होतो. उर्दूत बे, पे, ते, से ही अक्षरे केवळ नुक्त्यांनी वेगळी होतात. जीम, चे, हे, खे यांचेही तसेच. लांबचे अंधुक दिसणाऱ्या मुलाला फळ्यावरचे नुक्ते दिसतच नाहीत. ते चुकीचे वाचते आणि ‘मठ्ठ’ ठरते. ते तक्रारही करत नाही, कारण जग सर्वांनाच असे दिसते असे त्याला वाटते. एका डोळ्याची दृष्टी मंद असेल तर उपचार सात-आठ वर्षांच्या आत होणे हिताचे. नंतर फायदा कमी होत जातो. मुलींच्या बाबतीत ‘चष्मा लागला तर रिश्ता कसा येणार’ ही भीती आडवी येते.

उपाय खर्चिक नाही. सहा मीटर जागा, भिंतीवर तक्ता, एकेक डोळा झाकून तपासणी. अक्षर न येणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता असतो, मुलाने फक्त बोटाने दिशा दाखवायची. शिक्षक किंवा मौलानांना हे थोड्या प्रशिक्षणात जमते. ज्यांना ओळी दिसत नाहीत त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवायचे. मशिदींच्या ट्रस्टींनी आणि मोहल्ला कमिट्यांनी आपल्या मकतबसाठी आरोग्य विभागाला लेखी पत्र देऊन पथक मागवावे. इब्न अल-हैसम यांच्यावरील व्याख्यानाच्या दिवशीच हे शिबिर ठेवले तर आणखी उत्तम.