‘पूर्वरंगा’तील रंग

‘रंग’ म्हटले की वर्ण हाच अर्थ प्रथम मनात येतो. परंतु ‘रञ्ज्’ धातूपासून साधलेल्या या शब्दाला संस्कृतात नाट्यस्थान असाही अर्थ आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील 5 व्या अध्यायात वर्णिलेला ‘पूर्वरंग’ हा नाट्यप्रयोगापूर्वी रंगस्थळी करावयाचा विधी होय. नारदीय कीर्तनात हीच संज्ञा आढळते. तेथे मात्र पूर्वरंग म्हणजे अभंगाच्या वा पदाच्या आधारे केलेले निरूपण आणि उत्तररंग म्हणजे त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितलेले आख्यान. स्थळवाचक शब्द अशा रीतीने प्रयोगाच्या भागाचा वाचक झाला. ‘कीर्तन रंगले’ या वाक्यात तर धातूचा ‘अनुरक्त होणे’ हा अर्थ प्रकटतो. हे अर्थ वर्णाखाली लाक्षणिक म्हणून दडपल्यास शब्दाचा इतिहासच लोपतो. कोशात त्यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावयास हवी.