चुन्याने गेलेली नजर आणि बुबुळाच्या काठावरच्या पेशी

घरात कुणी तंबाखू खात असेल, तर चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवली आहे ना, हे आधी पाहून या. खेळता खेळता मूल पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अशा भाजलेल्या डोळ्याला नजर परत कशी द्यायची, हे नीट समजायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ही गोष्ट सुरू होते तीही चुन्यापासूनच. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुरावर शस्त्रक्रिया केली. चुन्यामुळे त्याचे दोन्ही डोळे गेले होते. एका मुलाचा दुखापत झालेला डोळा काढावा लागला होता. त्याचे पारपटल, म्हणजे कॉर्निया, झिर्म यांनी या मजुराला बसवले. एका डोळ्यातले कलम टिकले आणि त्याला दिसू लागले. माणसातले हे पहिले यशस्वी नेत्ररोपण.

पुढे नेत्रपेढ्या निघाल्या, नेत्ररोपण रुळले. पण चुना, अ‍ॅसिड यांनी भाजलेल्या डोळ्यांत डॉक्टरांना वारंवार अपयश येई. नवे पारपटल काही काळ स्वच्छ राही, मग त्यावर रक्तवाहिन्या पसरत आणि पांढुरका पडदा चढे. असे का होत होते?

आरशात आपला डोळा पाहा. काळा भाग जिथे संपतो आणि पांढरा सुरू होतो, त्या सीमेवरच्या अरुंद कड्याला लिंबस म्हणतात. पारपटलाच्या वरच्या थरातील पेशी रोज झडतात आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी या कड्यातून येतात. ही शक्यता १९७१ मध्ये डाव्हांगर आणि एव्हेन्सन या संशोधकांनी मांडली; १९८० च्या दशकातील प्रयोगांनी तिला बळ मिळाले. लिंबस ही जणू पारपटलाची रोपवाटिका आहे. चुना ही रोपवाटिकाच जाळतो. नेत्रदानातून मिळालेला पारपटलाचा मधला तुकडा कितीही चांगला असला, तरी त्याला नव्या पेशी पुरवणार कोण?

उपाय सुचला तो असा : दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचा लिंबस घ्यायचा. १९८९ मध्ये केनियन आणि त्सेंग यांनी तसे करून दाखवले. पण त्यासाठी बराच मोठा तुकडा लागे आणि एकुलता एक चांगला डोळा धोक्यात येण्याची भीती असे.

इथे प्रयोगशाळा मदतीला आली. त्वचेच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची पद्धत अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये शोधली होती. तिच्याच आधारे इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या चमूने चांगल्या डोळ्यातून अगदी चिमुकला तुकडा घेतला, त्यातील पेशींचा पातळ थर वाढवला आणि तो भाजलेल्या डोळ्यावर बसवला. १९९७ मध्ये त्यांनी दोन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. २०१० मध्ये ११२ रुग्णांचा अहवाल आला. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये पारपटलाचा पृष्ठभाग टिकाऊ बरा झाला होता. २०१५ मध्ये युरोपने ‘होलोक्लार’ या नावाने या उपचाराला सशर्त मान्यता दिली.

आपल्या देशातही हे काम झाले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०११ मध्ये अशा २०० रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. पण पेशी वाढवणारी प्रयोगशाळा महाग, आणि ती गावोगावी कुठून आणणार? म्हणून तिथल्याच डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साधी वाट दाखवली. लिंबसच्या छोट्या तुकड्याचे बारीक कण करायचे आणि प्रसूतीनंतर वारेबरोबर मिळणारा पातळ पापुद्रा डोळ्यावर लावून त्यावर ते पेरायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात, प्रयोगशाळा लागत नाही.

या उपचारांच्या मर्यादाही समजून घ्या. त्यांना सहसा एका डोळ्यात तरी निरोगी लिंबस लागतो. दोन्ही डोळे भाजले असतील, तर मार्ग अवघड होतो; जपानमध्ये २००४ मध्ये तोंडातील आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून वापरल्या गेल्या, तो असाच एक पर्याय. शिवाय या पेशी वरचा थर दुरुस्त करतात. खोलवर व्रण असेल, तर नंतर नेत्रदानातून मिळालेले पारपटल लागतेच. म्हणून नेत्रदानाची गरज संपलेली नाही. आणि काचबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने गेलेली नजर यामुळे परत येत नाही.

डोळ्यात चुना गेलाच, तर दवाखान्याकडे धावण्याआधी तिथल्या तिथे पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटे सोडा. चोळू नका, तूप, दूध, मध घालू नका. मग लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा, कारण पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण काढावे लागतात. चुना जितका लवकर धुतला जाईल, तितका तो काठ वाचण्याची शक्यता जास्त.