गाणं कुठून सुरू होतं?

श्रोतेहो, घरातला मुलगा तबला शिकायचा म्हणाला तर आपण त्याला तबला आणून देतो. मुलगी पेटी मागते, आपण ओळखीच्या माणसाला घेऊन पेटी बघायला जातो. पण आजची मुलं म्हणतात, ‘मला संगीत करायचंय, त्यासाठी संगणकावर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ इथे घरातली मोठी माणसं गप्प होतात. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर, गॅराजबँड, ऑडॅसिटी ही नावं त्यांनी ऐकलेलीच नसतात. मग दुकानदार सांगतो, महाग ते चांगलं. मित्र सांगतो, मी वापरतो ते चांगलं. आणि मुलगा सहा महिने नुसती तुलना करत बसतो. गाणं राहून जातं.

मी कवी माणूस. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हापासून एक खोड लागली. कुठलीही वस्तू चांगली की वाईट हे विचारण्याआधी ती जन्मली कशी, हे विचारायचं. या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही खोड फार उपयोगी पडते. कारण यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुणाच्या तरी विशिष्ट गरजेतून जन्माला आलं, आणि ती गरज अजून त्याच्या अंगात आहे.

सुरुवात पाहायची तर १९५७ सालाकडे जावं लागतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज नावाचे अभियंते होते. त्यांनी ‘म्युझिक’ नावाची आज्ञावली लिहिली आणि आयबीएम ७०४ या अजस्र संगणकाकडून एक रचना वाजवून घेतली. तिची लांबी सतरा सेकंद. तेवढ्यासाठी खोलीभर यंत्र लागलं. तिथून आपल्या टेबलापर्यंत हे संगीत यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं जायची होती.

मधला महत्त्वाचा टप्पा १९८३ चा. तोवर इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली होती, पण एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि सगळ्या वाद्यांसाठी एक समान भाषा ठरली. तिचं नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. आता मिडी म्हणजे आवाज नव्हे. कुठला स्वर, केव्हा दाबला, किती जोरात दाबला आणि केव्हा सोडला, याची ती नोंद आहे. आपल्या गाण्याच्या वहीतल्या सरगमसारखी. वही वाजत नाही, पण वही वाचून कुणीही वाजवू शकतो. या भाषेवर कुणी मालकी हक्क सांगितला नाही, म्हणून ती जगभर पसरली. तीस वर्षांनी, २०१३ साली, या दोघांना त्यासाठी ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला.

ही वही संगणकावर लिहिण्याचं काम जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने मनावर घेतलं. कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड रूरुप यांनी १९८४ साली तिथे कंपनी काढली. पुढच्याच वर्षी अटारी एसटी नावाचा संगणक आला, त्याला मिडीची जोडणी कारखान्यातूनच दिलेली होती. त्या संगणकासाठी १९८९ साली क्यूबेस आलं. त्याच्या पडद्यावर काळ डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि प्रत्येक वाद्याची एक आडवी पट्टी होती. आज कुठलंही संगीताचं सॉफ्टवेअर उघडा, बहुतेक हाच नकाशा दिसेल. क्यूबेसचा स्पर्धकही त्याच परिसरातला. अटारीवरच्या ‘नोटेटर’मधून वाढत वाढत त्याचं लॉजिक झालं. हे लॉजिक २००२ साली अॅपलने विकत घेतलं आणि विंडोजवरची त्याची आवृत्ती बंद केली. तेव्हापासून लॉजिक हवं तर संगणकही अॅपलचाच हवा. ही दोन्ही घराणी वहीतून आली. ज्याच्या डोक्यात आधी चाल येते, जो पेटीवर किंवा कीबोर्डवर बसून सुरावट बांधतो, बासरी कुठे, व्हायोलिन कुठे हे ठरवतो, त्याला ती आपली वाटतात.

दुसरं घराणं टेपचं. पूर्वी स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची फीत ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडत. हे काम संगणकावर व्हावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या पीटर गॉचर आणि इव्हान ब्रुक्स या मित्रांनी यंत्रणा तयार केली. तिचं १९९१ सालचं रूप म्हणजे प्रो टूल्स. एका वेळी चार ट्रॅक आणि किंमत सहा हजार डॉलर! अर्थात ती स्टुडिओच्या मालकासाठी होती, तुमच्या-माझ्यासाठी नव्हती. आजही व्यावसायिक स्टुडिओत, चित्रपटांच्या ध्वनी विभागात प्रो टूल्सचा वावर मोठा आहे. त्या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर ते शिकावंच लागतं.

तेव्हा सामान्य माणसाला ध्वनिमुद्रण किती दूर होतं, ते सांगतो. नव्वदच्या दशकात आम्ही चार मित्रांनी पैसे जमवून मराठी गझलांची एक कॅसेट करायचं ठरवलं. शहरातल्या एका स्टुडिओचं भाडं तासावर होतं. तबलजी, पेटीवाला, गाणारा, सगळे एकाच खोलीत. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. सारखं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. शेवटच्या गझलेत फक्त मक्ता उरला होता, आणि वेळ संपली. पुढचा गट दारात उभा होता. आणखी एका तासाचे पैसे आमच्यापैकी कुणाच्याही खिशात नव्हते. ती गझल कॅसेटवर आजही मक्त्याशिवाय आहे. म्हणजे ज्या शेरात कवीचं नाव येतं, तोच नाही.

म्हणून १९९९ साली सुरू झालेल्या एका कामाचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ऑडॅसिटी लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुलं झालं, फुकट. आवाज मुद्रित करा, कापा, जोडा, खरखर कमी करा. त्यात वाद्यवृंद उभा करता येत नाही, पण कविता वाचायची, पोवाडा म्हणायचा, आजीच्या ओव्या साठवायच्या, तर तेवढं पुरतं. विनअॅम्प हे गाणी ऐकण्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने पुढे रीपर आणलं. ते याच घराण्यातलं, पण पूर्ण क्षमतेचं. साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला मिळतो. दिसायला रुक्ष आहे, पण काम चोख.

तिसरं घराणं तालाचं. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीत दिदिए दाम्ब्रँ या तरुणाने १९९७ च्या अखेरीस ‘फ्रूटीलूप्स’ नावाचं साधं ड्रम मशीन तयार केलं. एका ओळीत सोळा चौकोन. ज्या चौकोनावर टिचकी माराल तिथे ठोका पडेल. बस्स. २००३ साली त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं आणि हळूहळू ते सर्वांगाने वाढलं, पण तो सोळा घरांचा पट अजून तसाच आहे. ज्याला वाद्य वाजवता येत नाही, लिपी वाचता येत नाही, तोही पाच मिनिटांत ठेका धरतो. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट, हीही मोठी सोय. आपल्याकडे मिरवणुकांसाठी रिमिक्स करणाऱ्या गावोगावच्या डीजे मंडळींमध्ये ते इतकं रुजलं, याचं मला नवल वाटत नाही.

चौथं घराणं रंगमंचाचं. बर्लिनमधले गेरहार्ड बेल्स आणि रॉबर्ट हेन्के हे स्वतः मैफली करणारे इलेक्ट्रॉनिक संगीतकार. त्यांना मंचावर, लोकांसमोर, संगणक वाद्यासारखा वाजवायचा होता. त्या गरजेतून २००१ साली एबलटन लाइव्ह आलं. त्यात काळाच्या आडव्या नकाशाशिवाय आणखी एक पडदा आहे. तिथे संगीताचे तुकडे चौकटींत मांडून ठेवायचे आणि मनात येईल तसे सुरू-बंद करायचे. कव्वालीत मुख्य गायक एखादी ओळ धरून ठेवतो, श्रोत्यांचा रंग बघून तीच ओळ पुन्हा पुन्हा आळवतो आणि मग पुढे जातो. लाइव्हची रीत मला त्याच्या जवळची वाटते.

ही घराणी आता एकमेकांत मिसळली आहेत. प्रत्येकात थोडं थोडं सगळं करता येतं. तरी जन्माची खूण जात नाही. आमच्या भागातली मुलं मला विचारतात, ‘चाचा, यातलं सगळ्यात भारी कुठलं?’ मी उलट विचारतो, ‘बेटा, तुझं गाणं कुठून सुरू होतं?’ शब्दांपासून आणि गळ्यापासून सुरू होत असेल तर टेपच्या घराण्यात जा. ठेक्यापासून होत असेल तर एफएल स्टुडिओ. सुरावटीपासून होत असेल तर क्यूबेस किंवा लॉजिक. तुकड्यांशी खेळता खेळता होत असेल तर लाइव्ह. आणि अजून काहीच ठाऊक नसेल, पण घरात अॅपलचा फोन किंवा संगणक असेल, तर गॅराजबँड. २००४ साली अॅपलने ते मुद्दाम नवशिक्यांसाठी आणलं आणि आज ते फुकट मिळतं.

आता एक गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, ती सांगतो. क्यूबेस, लॉजिक, लाइव्ह यांपैकी काहीही नव्याने उघडलंत तर ताल चार-चारचा असतो आणि गती मिनिटाला एकशे वीस ठोक्यांची. स्वर पियानोचे, सप्तकाला बारा, समान अंतराचे. हे कुणी आपल्यावर लादलेलं नाही, पण बदलायचं असतं हे माहीत नसेल तर तेच आपलं संगीत होऊन बसतं. केरवा त्या सोळा घरांत छान बसतो. सात मात्रांचा रूपक बसत नाही, दहा मात्रांचा झपताल बसत नाही. त्यासाठी आधी घरांची संख्या बदलावी लागते. एफएल स्टुडिओत तालाची अशी विभागणी नीट मांडण्याची सोय २०१८ साली आली. मग होतं काय, की मुलगा घरं बदलण्याऐवजी चालच बदलतो.

हा वाद आपल्याला नवा नाही. नभोवाणीवरूनच तो गाजला आहे. पेटीचे स्वर ठरीव, तिला मींड काढता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या पेटीला रसिक दाद देत होते. यंत्रात उणीव होती हे खरंच. पण वाजवणाऱ्याला ती उणीव ठाऊक होती, आणि त्याने तिच्यातून वाट काढली. संगणकाबाबतही तेच. स्वरांच्या जागा बदलायची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०२४ सालच्या लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत तर निरनिराळ्या स्वरव्यवस्थाच घेता येतात. ती सोय वापरायची की नाही, हे मात्र आपल्या कानाने ठरवायचं. त्यासाठी कान आधी तयार हवा. सॉफ्टवेअर घेऊन द्याल तेव्हा मुलाला एखाद्या तबलजीकडे, एखाद्या भजनी मंडळातही पाठवा, असं मी पालकांना म्हणतो ते एवढ्याचसाठी.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. विकत घेण्याआधी कुठली आवृत्ती घेता ते बघा. एफएल स्टुडिओच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत बराच काळ आवाज मुद्रित करण्याची सोय नव्हती. गाणाऱ्याने ती घेतली तर तो अडायचा. त्याची चाचणी आवृत्ती काम जतन करते, पण खरेदी केल्याशिवाय ते पुन्हा उघडून देत नाही. नवा कीबोर्ड किंवा मायक्रोफोनची जोडणी घेतलीत तर तिच्यासोबत पुष्कळदा लाइव्ह किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती मोफत मिळते, ती आधी वापरून संपवा. चोरीची प्रत घेऊ नका. कलावंताने दुसऱ्याच्या कष्टावर हात मारू नये, हे एक. आणि तिच्याबरोबर संगणकात काय काय घुसतं, हे दुसरं. उरलेले पैसे एका बऱ्या मायक्रोफोनवर आणि हेडफोनवर घाला.

साधनं थोडी होती म्हणून कुणाचं अडलं नाही, याचं उदाहरण मुंबईतच आहे. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ साली ‘आफत’ हे आपलं गाणं आयपॅडवर मुद्रित केलं, त्याचं चित्रणही त्यावरच केलं. पुढे ‘गली बॉय’ चित्रपटाला प्रेरणा देणाऱ्यांत त्याचं नाव आलं. तिकडे अमेरिकेत बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत लॉजिकवर केलेल्या अल्बमला २०२० साली ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला.

तेव्हा मुलांनो, यातलं कुठलंही एक घ्या आणि वर्षभर ते बदलू नका. पहिलं गाणं वाईट होईल, होऊ द्या. पण ते शेवटपर्यंत न्या. आमच्यावर घड्याळाची सक्ती होती, तुमच्यावर नाही. तुमचा मक्ता राहता कामा नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)