पिझ्झ्याच्या कॅलरी मोजल्या कोणी?

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, तेव्हा वाक्यं कुठे सैल वाटली तर सांभाळून घ्या.

मागे एका श्रोत्यांचा मेल आला होता. रक्तातली साखर काठावर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते रोजचं खाणं मोबाईलवरच्या ॲपमध्ये नोंदवतात. घरची भाकरी, आमटी, भाजी यांचं गणित बसलंय. पण गावातल्या एका हॉटेलात पिझ्झा खाल्ला आणि ॲपमध्ये शोधलं, तर एका तुकड्याला एका नोंदीत १८०, दुसरीत २८५, तिसरीत थेट ४०० कॅलरी. त्यांनी विचारलं होतं, "यातलं खरं कोणतं धरू?"

या प्रश्नाचं उत्तर आहारतज्ज्ञ दोन मिनिटांत देतील. पण आपला हा इतिहासाचा कट्टा, तेव्हा आपण ते आकडे आले कुठून ते बघू. गंमत म्हणजे त्या वाटेवर एक दुष्काळही लागतो, आणि तो आपल्या इथला आहे.

कॅलरी हा शब्द मुळात जेवणाचा नाहीच. तो कारखान्यातला, वाफेच्या इंजिनांच्या काळातला. पॅरिसमध्ये निकोला क्लेमां नावाचे प्राध्यापक होते. १८१९ ते १८२४ या दरम्यान ते औद्योगिक रसायनशास्त्रावर व्याख्यानं द्यायचे, आणि त्यात त्यांनी हे माप वापरलं: एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक कॅलरी. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी किलोच्या जागी ग्रॅम धरला आणि त्याच नावाची हजारपट लहान कॅलरी जन्माला आली. एका नावाचे दोन भाऊ, एक थोरला, एक धाकटा. पाकिटावर किलोकॅलरी लिहितात ते याच घोळामुळे. आपण बोलताना ज्याला नुसतं कॅलरी म्हणतो तो थोरला.

शरीरही एक प्रकारची भट्टीच आहे, हे मात्र त्याआधीच कळलं होतं. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिये आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं. श्वास घेणं म्हणजे संथपणे जळणं, हा त्यांचा निष्कर्ष.

या सगळ्याला ताटापर्यंत आणलं ते विल्बर ॲटवॉटर यांनी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात मिडलटाउन नावाचं गाव आहे, तिथल्या वेस्लियन विद्यापीठात हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी जर्मनीत शिकून आलेले. १८९० च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून एक खोली बांधली. खोली कसली, पेटाराच. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल, आणि काही प्रयोगांत एक जागच्या जागी चालवायची सायकल. माणसाने आत जायचं आणि दिवसचे दिवस तिथेच राहायचं. जेवण वजन करून आत जाणार, मलमूत्र वजन करून बाहेर येणार. भिंतीलगतच्या नळ्यांतून गार पाणी खेळवलेलं. ते बाहेर येताना किती तापलं यावरून त्या माणसाने किती उष्णता दिली ते कळायचं. आत जाणारी-येणारी हवासुद्धा तपासली जायची.

आता बघा, पदार्थ नुसता जाळून मोजायचा असेल तर ते सोपं आहे. पोलादी डब्यात प्राणवायू भरायचा, आत पदार्थ पेटवायचा, भोवतालचं पाणी किती तापलं ते बघायचं. पण पोट म्हणजे पोलादी डबा नव्हे. एक ग्रॅम प्रथिन डब्यात जाळलं तर साधारण ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीरात मात्र त्यातला काही भाग लघवीवाटे युरियाच्या रूपात न जळताच निघून जातो आणि थोडा पचतच नाही. ही सगळी वजाबाकी ॲटवॉटर यांनी केली आणि हातात उरले ४. कर्बोदकांचेही ४, चरबीचे ९, दारूचे ७. (दारूच्या या आकड्यावरून तिथले दारूबंदीवाले त्यांच्यावर भयंकर चिडले होते. दारूतून शरीराला इंधन मिळतं हे छापून यायलाच नको होतं त्यांना.)

चार, नऊ, चार. तुमच्या बिस्किटाच्या पुड्यामागचा आकडा, ॲपमधला आकडा, पिझ्झा कंपनीच्या मेनूवरचा आकडा, बहुतेक सगळे आजही याच तीन आकड्यांवर उभे आहेत. आणि हे सरासरी आकडे आहेत. बदामाचंच घ्या. २०१२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना प्रत्यक्ष बदाम खायला घालून मोजलं, तेव्हा हिशोबाने येणाऱ्या १७० च्या आसपासच्या जागी मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ कॅलरीच मिळत होत्या. बाकीची चरबी बदामाच्या पेशींत अडकून तशीच बाहेर पडत होती. पिझ्झ्याला मात्र ही सवलत नाही हो. मैदा, वितळलेलं चीज, तेल, यातलं शरीर जवळपास काही सोडत नाही.

ॲटवॉटर हे सगळं कोणासाठी करत होते? वजन कमी करणाऱ्यांसाठी नक्कीच नाही. त्यांना काळजी होती मजुराच्या घराची. २५ सेंटांत जास्तीत जास्त पोषण कशात मिळेल हे त्यांना सांगायचं होतं. म्हणून पीठ आणि शेंगा-कडधान्यं त्यांना फार आवडत, आणि पालेभाज्या, फळं म्हणजे गरिबाने पैसे वाया घालवणं असं वाटे. जीवनसत्त्व हा शब्दच तोवर जन्मला नव्हता. तो आला १९१२ मध्ये, ॲटवॉटर गेल्यानंतर पाच वर्षांनी.

इथे थोडं थांबून तो दुष्काळ बघू. १८७६ ते ७८ चा. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत माणसं अन्नान्न करत होती. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला पाठवलं, खर्च आवरा अशी तंबी देऊन. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड पुरेशी आहे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेव्हा कॅलरीचा हिशोब कोणी करत नव्हतं, आज आपण करू शकतो. साडेचारशे ग्रॅम ज्वारी म्हणजे फार तर साडेपंधराशे कॅलरी. आणि काम काय, तर माती उपसणं, खडी फोडणं.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या सभेचा कणा होते. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही सरकारी नोकरीत असून टेंपल यांच्याशी उघड वाद घातला, की एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस झिजून मरेल. शेवटी मद्रासमध्ये शिधा वाढवावा लागला, तोही महिने उलटल्यावर.

मला यातली एक गोष्ट सोडवत नाही. आज दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने वजन उतरवायचं म्हटलं तर ॲप त्याला बरेचदा दीड हजाराच्या आसपासचाच आकडा देतं. टेंपल साहेबांनी तो खडी फोडणाऱ्याला दिला होता. आकडा तोच, फक्त ताटावर बसलेला माणूस वेगळा.

आपल्या अन्नाची पद्धतशीर कोष्टकं त्यानंतर बऱ्याच काळाने आली. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. हेच आयक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावर होते. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तुमच्या ॲपमध्ये ज्वारी, तूरडाळ, मेथी यांचे आकडे बऱ्यापैकी बरोबर येतात ते या परंपरेमुळे. पिझ्झा त्या कोष्टकांत नाही, आणि असायचं कारणही नाही. तिथे धान्य, भाजी, दूध असे मूळ जिन्नस असतात.

मग उपाशी माणसाचं माप पोटभर खाणाऱ्याच्या हाती कसं गेलं? त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांच्याकडे जातं. १९१८ मध्ये त्यांचं आहारावरचं पुस्तक आलं. स्वतः जाड होत्या, बारीक झाल्या, आणि अगदी खुसखुशीत भाषेत इतर बायकांना सांगत होत्या की आता पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा. शंभर-शंभरचे वाटे पाडायची कल्पना त्यांच्या आधी येल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी मांडली होती, पण घराघरांत नेली ती पीटर्स बाईंनी. पहिलं महायुद्ध चालू होतं, कमी खाणं हे देशकार्य होतं. न्यूयॉर्कच्या चाइल्ड्स नावाच्या उपाहारगृहांनी तर त्या काळात मेनूकार्डावर पदार्थांपुढे कॅलरी छापल्या होत्या. युद्ध संपलं, ती प्रथा विरली. पुस्तक मात्र खपत राहिलं.

पिझ्झा नेपल्समधून न्यूयॉर्कला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला होता. पण त्याचा कारखाना झाला तो नंतर: पिझ्झा हट १९५८, डॉमिनोज १९६०. भारतात दोघेही १९९६ मध्ये आले. आणि मेनूवर कॅलरी परत आल्या त्या न्यूयॉर्क शहरातच, २००८ मध्ये, कोर्टकचेऱ्या होऊन. २०१० च्या कायद्याने ही सक्ती सगळ्या अमेरिकेत, २० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांवर आली, तरी अंमल व्हायला २०१८ उजाडलं. या आठ वर्षांत सर्वांत जोरात भांडले ते पिझ्झावाले. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे पाव, सॉस, चीज, वरचे जिन्नस असे मिळून कोट्यवधी प्रकार होतात, फळ्यावर काय काय लिहू? धंद्याची ओरड म्हणून मी हे उडवून लावणार नाही. मुद्दा खरा आहे. पिझ्झा हा एक पदार्थ नाहीच, ती एक बेरीज आहे.

आणि छापलेल्या आकड्याचं काय? २०११ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४२ हॉटेलांतून २६९ पदार्थ आणून प्रयोगशाळेत मोजले. सरासरी काढली तर छापील आकडे जवळपास बरोबर. पण सुटे बघितले तर १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा शंभर किंवा जास्त कॅलरी निघाल्या. म्हणजे साखळी हॉटेल, वजन केलेला गोळा, मापाने टाकलेलं चीज, तरीही ही गत. मग गावातल्या हॉटेलात, जिथे आचारी मुठीने चीज टाकतो, तिथे काय!

त्याहून बोचरा एक अभ्यास १९९२ चा. न्यूयॉर्कमध्ये काही लठ्ठ माणसं सांगत होती की आम्ही १२०० कॅलरीच्या आत खातो तरी वजन हलत नाही. खास खुणा केलेलं पाणी पाजून त्यांचा प्रत्यक्ष खर्च मोजला. ती माणसं खात होती त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होती. यावर लोक पटकन म्हणतात, खोटारडे. मला तसं वाटत नाही. डोळ्यांना चरबी दिसत नाही. पावात मुरलेलं तेल दिसत नाही. आपण जे दिसतं ते मोजतो.

तर आता आमच्या श्रोत्यांचा पिझ्झा. ॲपमधला 'एक तुकडा' विसरा, अख्खा पिझ्झा धरा. दहा-अकरा इंचांच्या पिझ्झ्याला साधारण अडीचशे ग्रॅमचा गोळा, त्यात मैदा दीडशेच्या आसपास: सव्वापाचशे कॅलरी. चीज शंभर ग्रॅम: तीनशे. तेल तीन चमचे, पंधरा ग्रॅम: एकशे पस्तीस. सॉस आणि कांदा-सिमला मिरची: पन्नास. झाले हजार. इथपर्यंत मैद्याचा आकडा फार हलत नाही. हलतं ते चीज आणि तेल. आचाऱ्याचा हात सढळ असेल, चीज दीडशे ग्रॅम पडलं आणि कडांना बटर फासलं, की तोच पिझ्झा पावणेतेराशेवर जातो. म्हणून बाहेरच्या पिझ्झ्याला मी बाराशे लिहीन आणि किती भाग खाल्ला त्याने गुणीन. अर्धा खाल्ला तर सहाशे. आणि इंचांकडे नीट बघा: सात इंची आणि दहा इंची यांत तीनच इंचांचा फरक दिसतो, पण क्षेत्रफळ दुपटीहून किंचित जास्त होतं. जाडी तीच असेल तर कॅलरीही दुप्पट.

आपल्याकडेही आता नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार १० किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे किलोकॅलरी लिहाव्या लागतात. २०२२ पासून तो लागू झाला. गावातलं एकुलतं एक हॉटेल त्यात येत नाही. आणि गिऱ्हाइकाच्या मागणीवरून बदल केलेल्या पदार्थालाही सूट आहे. म्हणजे "भैया, जरा चीज जास्ती टाका" असं म्हणालात की तिथून पुढचा हिशोब तुमचा तुम्ही.

पुढच्या भागात वजनकाट्याचा भाऊ, बीएमआय. तो एका बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघाला, ते कसं, ते तेव्हा. भेटूच.