गोल्फ फटक्यातील अंगवळण

गोल्फचा फटका मारताना शरीर फिरवण्याची व त्या फिरण्याचा क्रम राखण्याची क्रिया. चेंडू स्थिर असतो. त्यामुळे चूक बहुधा खेळाडूच्याच अंगात असते. काठी मागे नेताना खांदे सुमारे ९० अंश, कंबर त्याच्या निम्म्याने वळते. या फरकाला गोल्फ प्रशिक्षक जिम मॅकलीन यांनी १९९२ मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ म्हटले. खाली येताना मात्र क्रम उलटतो: भार पुढच्या पायावर, मग कंबर, छाती, हात आणि शेवटी काठी. प्रत्येक भाग मंदावताना पुढच्याला वेग देतो. हे सारे साधारण पाव सेकंदात घडते. हातांनी घाई केली की काठी बाहेरून येते व चेंडू वळतो.

सुधारणेसाठी पाय जोडून संथ फटके, किंवा छातीशी हात बांधून नुसती कंबर फिरवण्याचा सराव उपयोगी. वसई-विरारच्या किनाऱ्यावर पाग फेकणाऱ्या कोळ्याला हा क्रम शिकवावा लागत नाही. त्याची कंबर आधी फिरते, जाळे मागाहून उलगडते. क्रिकेटवर पोसलेल्या या पट्ट्यातील हौशी खेळाडूला मात्र गोल्फच्या सरावासाठी चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्था. १९२७) किंवा खारघरचे सिडकोचे मैदान गाठावे लागते.