मॅकेन्झी खोरे नळमार्ग चौकशी

कॅनडाच्या वायव्य भागातील मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून नैसर्गिक वायू दक्षिणेकडे नेण्यासाठी सुचविलेल्या नळमार्गाचे पर्यावरणीय, सामाजिक व आर्थिक परिणाम तपासण्याकरिता कॅनडा सरकारने १९७४ मध्ये नेमलेली चौकशी. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश टॉमस बर्जर (१९३३–२०२१) हे तिचे आयुक्त होते. त्यामुळे ती ‘बर्जर चौकशी’ या नावाने अधिक परिचित आहे. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांची पूर्वतपासणी व्हावी, हा विचार तत्पूर्वीच रूढ होऊ लागला होता आणि अमेरिकेत १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियमाने त्याला विधीचे रूपही मिळाले होते. मात्र अशी तपासणी बहुधा शासकीय विभाग व त्यांचे तज्ञ यांच्यापुरतीच मर्यादित राही. प्रकल्पाचा भार ज्यांच्यावर पडणार त्या शिकारी, कोळी व फासेपारधी लोकांची साक्ष अभियंत्यांच्या साक्षीच्या बरोबरीने पुरावा म्हणून स्वीकारणे, हे या चौकशीचे वैशिष्ट्य होय.

मॅकेन्झी नदी ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून सुमारे १,७०० किमी. वाहत जाते व विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश निर्माण करून ब्यूफर्ट समुद्रास मिळते. खोऱ्यात विरळ तैगा अरण्य, तर उत्तरेस टंड्रा आहे. चौकशीच्या वेळी या भागातील लोकसंख्येपैकी सुमारे निम्मे लोक डेने, इन्युइट व मेटी या मूळ रहिवाशांपैकी होते. नॉर्मन वेल्स येथे १९२० मध्ये खनिज तेल सापडले आणि पुढच्याच वर्षी सरकारने खोऱ्यातील डेने लोकांशी अकराव्या क्रमांकाचा करार केला. या दोन घटनांचा क्रम योगायोगाचा नव्हता. कराराच्या इंग्रजी मजकुरानुसार डेने लोकांनी आपल्या भूमीवरील हक्क सोडून दिले होते. डेने लोकांच्या समजुतीप्रमाणे मात्र तो केवळ मैत्रीचा व शांततेचा करार होता. पुढे नळमार्गाचा प्रश्न निघाला, तेव्हा या दोन अर्थांमधील अंतर उघड झाले.

अलास्कात प्रूडो उपसागराच्या काठी १९६८ मध्ये तेलाचा व वायूचा प्रचंड साठा सापडला. पाठोपाठ मॅकेन्झीच्या त्रिभुज प्रदेशातही वायूचे साठे मिळाले. या दोन्ही ठिकाणचा वायू एकाच मार्गाने अल्बर्टापर्यंत आणून तेथील जाळ्यास जोडावयाचा, म्हणजे खंडाच्या दक्षिण भागात आधीच असलेले नळमार्गांचे जाळे ध्रुवीय समुद्रापर्यंत वाढवावयाचे, अशी योजना पुढे आली. ती मांडणाऱ्या कॅनेडियन आर्क्टिक गॅस या संघात कॅनडा व अमेरिकेतील वीसहून अधिक कंपन्या होत्या. सु. १२२ सेंमी. व्यासाचा त्यांचा नळमार्ग प्रूडो उपसागरापासून यूकॉनच्या उत्तर किनाऱ्याने त्रिभुज प्रदेशात आणि तेथून खोऱ्याने दक्षिणेस जावयाचा होता. फूटहिल्स या प्रतिस्पर्धी कंपनीने १९७५ मध्ये केवळ कॅनडातील वायू वाहून नेणारी सु. १०७ सेंमी. व्यासाची दुसरी योजना सादर केली. बर्जर यांच्या अहवालानुसार आर्क्टिक गॅस योजनेला साठाव्या अक्षांशाच्या उत्तरेस सुमारे ६,००० बांधकाम कामगार लागणार होते. मार्गात सुमारे ६०० ठिकाणी नदीनाले ओलांडावे लागणार होते व १३० ठिकाणी खडी खणावी लागणार होती. हे आकडे येथे मुद्दाम दिले आहेत. कारण आयुक्तांनी नळमार्ग म्हणजे जमिनीत पुरलेली एक नळी, ही व्याख्या मुळातच नाकारली.

चौकशीची औपचारिक कक्षा तशी मर्यादित होती. शासकीय जमिनीतून नळमार्गास मार्गाधिकार दिल्यास कोणत्या अटी घालाव्यात, एवढेच आयुक्तांना विचारलेले होते. परंतु सरकारने १९७२ मध्ये विस्तारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक वायुवाहिनी झाली की तिच्यामागून दुसरी व पुढे तेलवाहिनीही येईल, हे गृहीत धरले होते. बर्जर यांनी हाच धागा पकडला. रस्ते, विमानतळ, संपीडक केंद्रे, खडीच्या खाणी, शोधविहिरी आणि पुढील विस्तार या सर्वांचा एकत्रित परिणाम पाहिल्याखेरीज पहिल्या नळीविषयीही मत देता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. आज ‘संचित परिणाम’ या नावाने ओळखली जाणारी संकल्पना या चौकशीत प्रत्यक्ष वापरलेली दिसते.

आयुक्ताच्या निवडीलाही राजकीय संदर्भ होता. निस्गा लोकांच्या भूमिहक्काचा दावा बर्जर यांनी वकील म्हणून चालविला होता. त्या दाव्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मूळ रहिवाशांच्या पारंपरिक हक्काची संकल्पना मान्य केली, जरी दावा तांत्रिक कारणाने फेटाळला गेला. त्याच वर्षी डेने प्रमुखांनी खोऱ्यातील विशाल भूप्रदेशावर आपल्या हक्काची नोंद व्हावी असा अर्ज केला. न्यायमूर्ती मॉरो यांनी करार प्रत्यक्ष पाहिलेल्या वृद्धांच्या साक्षी घेऊन तो उचलून धरला. हा निर्णय पुढे १९७६ मध्ये वरच्या न्यायालयात टिकला नाही. पिअर ट्रूडो यांचे अल्पमतातील सरकार त्या काळी न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते आणि बर्जर हे पूर्वी त्या पक्षाचे नेते होते, हेही विसरून चालणार नाही.

कामकाज : औपचारिक सुनावणी येलोनाइफ येथे मार्च १९७५ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर १९७६ पर्यंत चालली. तीत सुमारे ३०० तज्ञांच्या साक्षी व उलटतपासण्या झाल्या. कंपन्यांपाशी तज्ञ व पैसा विपुल असताना दुसऱ्या बाजूने केवळ तक्रार करावी, यात न्याय नाही, असे आयुक्तांचे मत होते. त्यांच्या शिफारशीवरून डेने व इन्युइट संघटना, पर्यावरणवादी गट, नगरपालिका, एवढेच नव्हे तर नळमार्गाच्या बाजूने असलेले व्यापारी मंडळ यांनाही सरकारी निधी मिळाला. कंपन्यांनी गोळा केलेली माहिती सर्व पक्षांस खुली करण्यात आली.

औपचारिक सुनावणीइतकेच महत्त्व ग्रामसभांना होते. आयुक्त ३५ वस्त्यांत गेले आणि सुमारे एक हजार लोकांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. सभा शाळेत, सभागृहात, क्वचित मासेमारीच्या तळावरही भरत. लोक आपापल्या भाषेत बोलत व दुभाषी भाषांतर करीत. वेळेची मर्यादा नव्हती. बोलणारे संपले म्हणजे सभा संपे. कॅनडाच्या नभोवाणीची उत्तर विभागाची सेवा रोजचा वृत्तांत इंग्रजीबरोबरच स्थानिक भाषांतूनही प्रसारित करी, त्यामुळे एका वस्तीतील साक्ष दुसऱ्या दिवशी शेकडो किमी. दूरच्या वस्तीत चर्चिली जाई. फोर्ट गुड होप येथे ऑगस्ट १९७५ मध्ये प्रमुख फ्रँक ट्सेलेई यांनी फूटहिल्सचे अध्यक्ष रॉबर्ट ब्लेअर यांच्या समक्ष केलेले भाषण देशभर गाजले. पण चौकशीच्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा याहून साधा होता. शिकाऱ्यांनी नकाशांवर आपल्या सापळ्यांच्या वाटा, मासेमारीच्या जागा व कॅरिबूंचे मार्ग आखून दाखविले. नकाशावर रिकामी दिसणारी भूमी वापरातील भूमी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. शिकार-मासेमारीतून घरात येणाऱ्या अन्नाचे मूल्य सरकारी आकडेवारीत फारच कमी धरले गेले होते, हेही दिसून आले.

तांत्रिक व जैव प्रश्न : औपचारिक सुनावणीत सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला प्रश्न गोठलेल्या जमिनीचा होता. उत्तरेकडील जमीन पृष्ठाखाली वर्षभर गोठलेली असते. उष्ण नळीमुळे ती वितळून खचेल, म्हणून आर्क्टिक गॅसने वायू गोठणबिंदूखाली थंड करून पाठविण्याचे ठरविले. जेथे भूमी सलग गोठलेली आहे तेथे हा उपाय योग्य होता. दक्षिणेकडे मात्र गोठलेले व न गोठलेले पट्टे एकाआड एक येतात. न गोठलेल्या ओल्या मातीतून थंड नळी गेली, की तिच्याभोवतीची माती गोठू लागते. आसपासचे पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढले जाऊन बर्फाचे थर साचतात आणि जमीन फुगून नळीस वर उचलते. नळीवर मातीचा पुरेसा भार दिल्यास ही उचल थोपविता येते, असे कंपनीने प्रयोगांच्या आधारे सांगितले होते. परंतु चौकशी संपत आली असता प्रयोगाच्या साधनातच दोष असल्याचे उघडकीस आले. उचलीचा जोर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक होता व कंपनीस आपला आराखडा बदलावा लागला. कंपनीने काही लपविले असे म्हणता येत नाही. मात्र प्रतिपक्षाकडे स्वतःचे तज्ञ नसते, तर हा प्रश्न इतक्या कसोशीने तपासला गेला असता की नाही, याची शंकाच आहे.

यूकॉनच्या उत्तर किनाऱ्याविषयीचा प्रश्न निराळा होता. तेथे प्रस्तावकांनी हिवाळ्यात हिमाच्या रस्त्यांवरून काम उरकण्याचे ठरविले होते. हिम वेळेवर व पुरेसे पडले नाही, तर काम उन्हाळ्यात ढकलले जाणार होते. आणि उन्हाळ्यातच पॉर्क्युपाइन कॅरिबूंचा कळप, ज्याची संख्या त्या वेळी सुमारे १,१०,००० धरली जात होती, विण्यासाठी व पाडसे वाढविण्यासाठी त्या किनारपट्टीत येतो. शरद ऋतूत लक्षावधी हिमहंस दक्षिणेकडील प्रवासापूर्वी तेथेच चरून पुष्ट होतात. ओल्ड क्रो या ग्विचिन लोकांच्या गावाचे जीवन याच कळपावर अवलंबून आहे. मॅकेन्झी उपसागराच्या उथळ पाण्यात पांढरे देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी येतात.

अहवाल : ‘नॉर्दर्न फ्रंटिअर, नॉर्दर्न होमलँड’ या शीर्षकाचा अहवालाचा पहिला खंड मे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, अटींचा तपशील देणारा दुसरा त्याच वर्षाच्या अखेरीस. एकाच भूमीला दक्षिणेचे लोक सीमाप्रदेश समजतात व तेथील रहिवासी मायभूमी, हा विरोध शीर्षकातच आलेला आहे. अहवालाने नळमार्गावर बंदी घातली, असे सरसकट लिहिले जाते. ते बरोबर नाही. कायमचा नकार फक्त उत्तर यूकॉनपुरता होता. तेथे राष्ट्रीय उद्यान व मॅकेन्झी उपसागरात देवमाशांचे अभयारण्य असावे, असे सुचविण्यात आले. खोऱ्यातील मार्ग पर्यावरणाच्या दृष्टीने शक्य आहे, असे बर्जर यांनी स्पष्ट म्हटले. मात्र भूमिहक्कांचे करार होऊन नव्या संस्था उभ्या राहीपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, तो लांबणीवर टाकावा, अशी त्यांची शिफारस होती. आधी नळमार्ग व मग करार असा क्रम ठेवल्यास कराराला अर्थच उरणार नाही, हे त्यामागील कारण होय.

याच सुमारास राष्ट्रीय ऊर्जा मंडळातही या अर्जांची स्वतंत्र सुनावणी चालू होती. मंडळाचे अध्यक्ष मार्शल क्रो यांचा पूर्वी या योजनेच्या अभ्यासगटाशी संबंध आला होता. त्यामुळे त्यांच्याविषयी पक्षपाताची वाजवी शंका येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७६ मध्ये दिला व सुनावणी नव्याने घ्यावी लागली. जुलै १९७७ मध्ये मंडळानेही आर्क्टिक गॅसचा अर्ज फेटाळून अलास्का महामार्गालगतच्या पर्यायी योजनेस पसंती दिली. तिच्यासाठी कॅनडा व अमेरिका यांच्यात सप्टेंबर १९७७ मध्ये करार झाला. परंतु तिचा दक्षिणेकडील भाग तेवढा बांधला गेला, उत्तरेकडील कधीच झाला नाही.

पुढील घडामोडी : लांबणीवर टाकलेला काळ वाया गेला नाही. इनुव्हिआलुइट (१९८४), ग्विचिन (१९९२) व साहटू (१९९३) यांचे भूमिहक्काचे करार झाले. उत्तर यूकॉनमधील राष्ट्रीय उद्यान १९८४ मध्ये अस्तित्वात आले; त्याचे नाव आता ‘इव्हाव्हिक’ आहे. नॉर्मन वेल्सपासून अल्बर्टापर्यंत लहान व्यासाची तेलवाहिनी १९८५ मध्ये पूर्ण झाली. गोठलेल्या जमिनीतील नळीच्या वर्तनाचा प्रत्यक्ष अनुभव तिच्यामुळे मिळाला.

करारांनंतर नळमार्गाचा प्रश्न पुन्हा निघाला, तेव्हा मूळ रहिवाशांपैकी अनेकांची भूमिका बदललेली होती. बर्जर यांच्या ग्रामसभांच्या तयारीत तरुणपणी भाग घेतलेले स्टीव्हन काक्फ्वी हे पुढे वायव्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले व मूळ रहिवाशांना मालकीत वाटा मिळणाऱ्या नळमार्गाचे त्यांनी समर्थन केले. त्यास मतपरिवर्तन म्हणण्यापेक्षा मूळ मागणी मान्य झाल्याचा परिणाम म्हणणे अधिक योग्य होईल. इंपीरियल ऑइल व सहकारी कंपन्यांनी २००४ मध्ये सादर केलेल्या सुमारे १,२०० किमी. लांबीच्या ‘मॅकेन्झी गॅस’ प्रकल्पात मूळ रहिवाशांच्या गटास एक-तृतीयांश हिस्सा मिळावयाचा होता.

या प्रकल्पाची तपासणी सात सदस्यांच्या संयुक्त परीक्षण मंडळाने केली. तिच्यात विस्ताराचा प्रश्न पुन्हा मध्यवर्ती ठरला. तीन वायुक्षेत्रांतून मिळणारा वायू नळीच्या प्रस्तावित क्षमतेहून (दररोज सुमारे ३.४ कोटी घ.मी.) पुष्कळ कमी होता, आणि संपीडक केंद्रे वाढवून ती क्षमता सुमारे ५.१ कोटी घ.मी. पर्यंत नेता येणार होती. उरलेली क्षमता भरण्यासाठी नवी क्षेत्रे खोदली जाणार हे उघड होते. म्हणून मंडळाने अर्जातील प्रकल्प व विस्तारित प्रकल्प यांचे परिणाम वेगवेगळे तपासले. त्याचा अहवाल डिसेंबर २००९ मध्ये १७६ शिफारशींसह बाहेर आला. राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने डिसेंबर २०१० मध्ये २६४ अटींवर संमती दिली व मार्च २०११ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. तोवर दक्षिणेत शेल खडकांतील स्वस्त वायू मुबलक झाला होता. प्रस्तावकांनी डिसेंबर २०१७ मध्ये प्रकल्प सोडून दिला. मार्गाच्या दक्षिण टोकाकडील डेहचो विभागातील डेने लोकांशी भूमिहक्काचा अंतिम करार तेव्हाही झालेला नव्हता.